बर्फातून आल्यावर डॅशबोर्डवर लागणारे पिवळे दिवे: दर हिवाळ्यात उलटणारं दुखणं आणि त्याचं मूळ

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार. ताकद मागच्या चाकांना, पुढचा बंपर जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. बर्फाच्या राड्यातून तासभर चालवली की आधी एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो. दोन-चार सेकंदांत घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लागतं. मग चढावर गाडी धरून ठेवणारी सोय बंद झाल्याचा संदेश येतो आणि वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल लागेनासं होतं. इंजिन झकास, ब्रेक नेहमीसारखे लागतात, आवाज कसलाच नाही. घरी येऊन गाडी गराजमध्ये लावली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे दिवे आपोआप गेलेले असतात. पुढच्या बर्फाला पुन्हा तेच.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय गावात राहतो. हा प्रकार मी सलग तीन हिवाळे सोसला. पहिल्या हिवाळ्यात वर्कशॉपने गाडीच्या मेमरीत नोंदला गेलेला बिघाडाचा कोड पुसून दिला, म्हणाले सेन्सरवर घाण बसली असेल. दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला, तीनशे डॉलर घेतले. तिसऱ्या हिवाळ्यात पहिल्याच मोठ्या बर्फाला तेच तीन दिवे, त्याच क्रमाने. शेवटी दोष सापडला तो वायरी जोडणाऱ्या एका बोटाएवढ्या कनेक्टरमध्ये. तो कसा सापडला आणि इतकी वर्षं का सापडत नव्हता, हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं. कारण हा प्रश्न मला इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच जणांनी विचारला आहे आणि प्रत्येकाने आधी नको तो भाग बदललेला आहे.

गाडी थांबवायची की चालवायची?

लाल दिवा म्हणजे थांबायचं, पिवळा म्हणजे जपून चालवून लवकर दाखवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तीन गोष्टी मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतात.

एबीएसचा एकटा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. पण पिवळ्या एबीएसच्या जोडीने ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेली असण्याची शक्यता असते. मग थोड्याशा ब्रेकलासुद्धा मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरू शकते. ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही तोच लाल दिवा लागतो. दोन्ही एकत्र दिसले की मी तरी बाजूला घेऊन टो ट्रक बोलावतो.

दुसरं, घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लुकलुकत असेल तर तो बिघाड नव्हे, घसरण सावरणारी यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. स्थिर लागून राहिलं तर बिघाड, किंवा तुम्ही स्वतः बटण दाबून ती बंद केली आहे. तिसरं, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर सिलेंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं आहे आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. पाय लगेच काढा आणि सुरक्षित जागा बघून थांबा.

एकाच दुखण्याने तीन दिवे का लागतात

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. चारही सेन्सर एबीएसच्या मॉड्यूलला, म्हणजे तिच्या छोट्या संगणकाला, वेग कळवतात आणि तिथून तो आकडा सगळ्या गाडीला मिळतो. चाक घसरून जागच्या जागी फिरतंय का हे बघणारं ट्रॅक्शन कंट्रोल, गाडी वळणाबाहेर चाललीय का हे बघणारं स्टॅबिलिटी कंट्रोल, क्रूझ, चढावरचा आधार, काही गाड्यांत मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलसुद्धा, सगळे याच चार आकड्यांवर जगतात. एका चाकाचा आकडा बेभरवशाचा झाला की सगळे एकदम हात वर करतात. म्हणून तीन दिवे दिसले तरी तीन बिघाड आहेत असं समजू नका. अमेरिकेत २०१२ मॉडेलपासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत ही साखळी आहेच.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त का होतं, त्याची कारणं तिच्या बांध्यातच आहेत. गाडी बुटकी, म्हणून बंपर बर्फ ढकलत चालतो आणि तो सरळ चाकांच्या खोबणीत कोंबला जातो. चाक आणि खोबणीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरामध्ये जागा कमी. रिम मोठं, त्याचे आरे उघडे, आत ब्रेकला हवा लागावी म्हणून मुद्दाम वाटा ठेवलेल्या. उन्हाळ्यात ज्या वाटेने वारा येतो त्याच वाटेने हिवाळ्यात मिठाचा राडा येतो. आणि ताकद मागे असल्यामुळे मागची चाकं जागच्या जागी फिरून तो राडा स्वतःच्याच खोबणीत फेकत राहतात.

दिवा कधी लागतो आणि कधी जातो, हे लिहून ठेवा

आमच्या मंडळात एक काका आहेत. त्यांची सगळी नोकरी ब्रेकच्या चाचण्यांत गेली. मिशिगनच्या उत्तर भागात अप्पर पेनिन्सुला आहे, तिथे दर हिवाळ्यात गाड्यांचे ब्रेक बर्फावर तपासले जातात, तसेच ते स्वीडनमधल्या आर्येप्लोगला गोठलेल्या तळ्यांवर तपासले जातात. काकांनी अशा चाचण्यांत कित्येक हिवाळे काढलेले. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता मी त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्या दिवशी थंडी किती होती?”

मला सांगता येईना. मग त्यांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक, प्रत्येक वेळी दिवा लागला की तारीख, तापमान, वेग, रस्ता कसा होता आणि दिवा कधी गेला ते वहीत लिहायचं. दुसरी गोष्ट मला त्या वेळी विचित्र वाटली. “पुढच्या वेळी दिवा लागला की गाडी गराजमध्ये घेऊ नकोस. रात्रभर बाहेर राहू दे. तू तिला उबेत नेतोस आणि पुरावाच वितळवून टाकतोस.”

वर्कशॉपमध्येही नेमकं तेच होत होतं. गाडी गरम शेडमध्ये दोन तास उभी राहायची, चाकातला बर्फ वितळायचा, कनेक्टर सुकायचा, मग मेकॅनिक हात लावायचा. त्याला सगळं ठीकच दिसणार. जुना कोड मात्र मेमरीत असायचा आणि त्यावर मागच्या डाव्या चाकाचं नाव असायचं, म्हणून त्याने सेन्सर बदलला. पण कोड हा भागाचं नाव सांगत नाही, तो सर्किटचं नाव सांगतो. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, पुढची वायर आणि मॉड्यूलची पिन, एवढं सगळं त्या एका नावात येतं.

दोन महिन्यांत माझ्या वहीत सात नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचल्यावर जे दिसलं त्याने मी थक्क झालो. सातही वेळा तापमान उणे आठ ते शून्य सेल्सियस या पट्ट्यात होतं. त्या हिवाळ्यात उणे वीसचे दिवसही आले होते, बर्फ तर तेव्हाही भरपूर होता, पण त्या दिवशी एकदाही दिवा लागला नव्हता. म्हणजे माझा शत्रू बर्फ नव्हता, खारट पाणी होतं. रस्त्यावरचं साधं मीठ साधारण उणे नऊपर्यंत बर्फ वितळवण्याचं काम नीट करतं, त्याखाली ते फारसं चालत नाही. उणे वीसला बर्फ कोरड्या पिठासारखा असतो, चिकटत नाही, वाहत नाही आणि वीजही वाहून नेत नाही. शून्याच्या आसपास मात्र रस्त्यावर राखाडी राडा असतो, आणि तो कुठेही शिरतो. मिठाचं तर इथे काय सांगावं, खुद्द डेट्रॉइट शहराखाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे आणि ती शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. हात आखडून मीठ टाकायची इथे सवयच नाही.

उजाडता उजाडता सापडलेला दोष

आठवी नोंद ग्रँड रॅपिड्सहून परत येताना झाली. मिशिगन तळ्यावरून येणारा वारा त्या बाजूला तासन्‌तास बर्फ ओततो. आय-९६ वर लान्सिंगच्या अलीकडे दिवे लागले. शेजारी बसलेली बायको म्हणाली, “लागले बघ तुझे तिघे.” घरी पोचलो आणि गाडी बाहेरच लावली. पहाटे उणे पाच होतं.

ओबीडीचा रीडर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, घेताना एक काळजी घ्या. वीस डॉलरचे बहुतेक रीडर फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ ने सुरू होणारे कोड वाचतात. चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंगचे कोड ‘सी’ ने सुरू होतात, ते वाचणारा आणि चारही चाकांचा चालू वेग दाखवणारा रीडर हवा. ‘यू’ ने सुरू होणारे कोड मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसल्याचे असतात. ‘यू०१२१’ दिसला तर एबीएस मॉड्यूलशीच संपर्क तुटला आहे, मग चाकांकडे जाण्याआधी फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरी बघा.

बायकोने गाडी आमच्या मोकळ्या गल्लीत तीस किलोमीटरच्या वेगाने सरळ नेली, मी शेजारी बसून रीडरवरचा आलेख बघत होतो. तीन रेघा एकमेकींवर बसलेल्या आणि मागच्या डाव्या चाकाची रेघ मधूनच शून्याला टेकून परत वर येत होती. खड्डा आला की हमखास. चाक फिरणं थांबत नव्हतं, बातमी पोचणं थांबत होतं.

मग गाडी सपाट जागी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला आणि मागचं डावं चाक काढलं. हे काम नुसत्या जॅकच्या भरवशावर करू नका, गोठलेल्या जमिनीवर तर मुळीच नको. खोबणीच्या मागच्या अर्ध्या भागात टणक बर्फाचा एक गोळा होता, पावाच्या लादीएवढा, त्याला अस्तराचा आकार आलेला. तो मी लाकडी पट्टीने हळूहळू सोडवला. स्क्रू ड्रायव्हर आत खुपसून ओढाताण केली की वायरच तुटते. गोळा निघाला तसं दिसलं, की अस्तर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांपैकी दोन गायब होत्या. त्यामुळे बर्फ अस्तराच्या मागे शिरत होता आणि सेन्सरच्या वायरवर दाब देऊन तिला खाली ओढत होता. नव्या सेन्सरची वायर ज्या कनेक्टरला जोडली होती तो ताणलेला होता, त्याचं रबरी सील एका बाजूने उघडं पडलेलं.

कनेक्टर उघडला. सेन्सरच्या बाजूच्या दोन पिना चकचकीत, कारण तो भाग वर्षापूर्वीच बदललेला. गाडीच्या बाजूच्या दोन पिनांपैकी एकीवर हिरवा भुगा. काडीने टोकरला तर पिन अर्धी झिजलेली. कडेला मिठाचा पांढरा थर आणि आत, त्या उणे पाचमध्येही, ओल. ते बघून राग आला नाही, हायसं वाटलं. तीन वर्षांनी गोष्ट डोळ्यांना दिसली होती.

हे असं का होतं, तेही सांगतो. हल्लीच्या गाड्यांतले हे सेन्सर ‘ॲक्टिव्ह’ जातीचे असतात. बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकाच्या उत्तर-दक्षिण टोकांची एक कडी बसवलेली असते, ती समोरून फिरते आणि सेन्सर दोन वायरींतून कधी ७ तर कधी १४ मिलिअँपिअर करंट वाहू देतो. मॉड्यूल त्या चढउतारांवरून वेग मोजतं. दोन पिनांमध्ये खारट पाणी आलं की थोडा करंट सेन्सरला वळसा घालून पाण्यातूनच वाहतो. तिकडे गंजलेली पिन करंट अडवते. ७ आणि १४ मधला फरक पुसट झाला की मॉड्यूलला काही उमजत नाही आणि ते दिवा लावून मोकळं होतं. म्हणूनच कोरड्या उन्हाळ्यात हीच गाडी आठ महिने मुकाट चालते.

एक इशारा इथेच देतो. जुन्या ‘पॅसिव्ह’ सेन्सरचा रेझिस्टन्स मीटरने मोजता येतो, साधारण एक ते दोन हजार ओहमच्या आसपास येतो. ॲक्टिव्ह सेन्सर असा मोजू नका. मीटरचा आकडा काहीच सांगणार नाही. त्याला चालू डेटावरच पारखायचं.

दुरुस्ती

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. गाडीच्या बाजूचा जुना कनेक्टर चांगली तांबूस, स्वच्छ तार लागेपर्यंत मागे जाऊन कापला. माझ्या बाबतीत दीड इंच आतपर्यंत तार काळी पडली होती. मीठ तारेच्या आतून वर चढतं, म्हणून पिनेलगत कापून भागत नाही. वायरसकट मिळणारा नवा कनेक्टर घेतला, दोन सांधे वर-खाली ठेवून सोल्डरचा डाग दिला आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून सोडू नका, एका हिवाळ्यात पाणी आत जातं. जोडण्याआधी कनेक्टरच्या सीलला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, ग्रीस लावलं. वायर मूळच्या पकडीत बसवली, कुठेही ताण नाही आणि स्प्रिंगला लागत नाही हे चाक वर-खाली करून बघितलं. शेवटी अस्तराच्या क्लिपा. सगळा खर्च तीस डॉलरच्या आत. यातली खरी दुरुस्ती मी क्लिपांना म्हणेन. त्या नसत्या बसवल्या तर नवा कनेक्टरही असाच ओढला गेला असता.

नंतर खात्री केली. बादलीत मिठाचं पाणी कालवून कनेक्टरवर फवारलं, वायर हलवत राहिलो आणि दुसऱ्याला चाक फिरवायला सांगून आलेख बघितला. रेघ सरळ. मग कोड पुसला. आधी कोड पुसून मग काम करायची घाई करू नका. त्या कोडबरोबर तो कुठल्या वेगाला आणि किती व्होल्टला नोंदला गेला ही माहितीही बऱ्याच गाड्यांत साठलेली असते, ती आधी लिहून घ्या.

आलेखात चारही चाकं ठीक दिसली तर

मग दोष दुसरीकडे आहे, आणि तो ओळखायलाही वहीच कामाला येते.

दिवा कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला थांबता थांबता लागत असेल आणि शेवटच्या काही फुटांत पायाखाली ब्रेक घरघरत असेल, तर सेन्सर जिथे बसतो ती लोखंडी जागा गंजून फुगली असण्याची दाट शक्यता. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो सेन्सरला खालून उचलतो, मधली फट वाढते आणि कमी वेगाला सिग्नल हरवतो. मॉड्यूलला वाटतं चाक जाम झालं, म्हणून ते विनाकारण एबीएस चालवतं. सेन्सर काढून बैठक तारेच्या ब्रशने साफ करायची. सेन्सर ओढून काढताना तुटतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि तेव्हापासूनच दिवा असेल, तर चुंबकाची कडी उलट्या बाजूला बसवली गेली असेल. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, हे चुकण्याचं कारण.

गाडी बर्फात रुतली होती, तुम्ही ट्रॅक्शन बंद करून मागची चाकं खूप वेळ फिरवली, आणि मग दिवे लागले? पुढची चाकं शून्यावर आणि मागची पन्नासवर, हे मॉड्यूलला पटत नाही. गाडी बंद करून सुरू करा, मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवा, बहुतेक वेळा दिवे जातात. तो बिघाड नाही. खूप वेळ घसरत चालवल्यावर ट्रॅक्शन तात्पुरतं बंद झाल्याचा संदेशही येतो, कारण फिरणारं चाक आवरायला यंत्रणा ब्रेकच वापरते आणि ते तापतात. थांबून निवू द्या. रुतलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसणार असाल तर त्याआधी खाली उतरून सायलेन्सरची तोंडं मोकळी करा. बुटक्या गाडीची ती बर्फात सहज गाडली जातात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे मी विनवणी करून सांगतो आहे.

सकाळी सुरू करतानाच एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा दिवे एकदम लागले, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, गिअरबॉक्सचा, तर आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट हवी, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.७ ते १४.७. बॅटरीवर छापलेला थंडीतला अँपिअरचा आकडा उणे १८ सेल्सियसला मोजलेला असतो, त्याच्याशी तपासणीचा निकाल ताडून बघा. स्पोर्ट्स कार हिवाळ्यात दिवसेंदिवस उभी राहते, म्हणून तिची बॅटरी इतर गाड्यांच्या आधी मान टाकते. बारीक करंट देणारा चार्जर लावून ठेवा. बॅटरी बदलल्यावर स्टॅबिलिटीचा दिवा राहिला तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा कोन असाच पुन्हा शिकवला जातो.

टायरच्या हवेचा दिवा हा वेगळा विषय आहे आणि सोपा आहे. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की हवा साधारण एक पीएसआयने (टायरमधल्या दाबाचं एकक) उतरते. वीस अंशांच्या गराजमध्ये ३२ भरलेली हवा बाहेर उणे पंधराला २६ वर येते. दारावरच्या पट्टीत ३५ लिहिलं असेल तर पंचवीस टक्के कमी म्हणजे सव्वासव्वीस, आणि अमेरिकी नियमाप्रमाणे तिथे दिवा लागायलाच हवा. सकाळी लागतो, हायवेवर टायर तापले की जातो, यातच निदान आलं. थंड टायरमध्ये बाहेरच हवा भरा. हा दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवा कमी नाही, सेन्सर बोलत नाही. चाकाच्या आतल्या सेन्सरची बॅटरी सात ते दहा वर्षांत संपते आणि थंडी तिला आधी गाठते. हिवाळी टायरचा वेगळा संच लावला आणि त्यात सेन्सरच घातले नाहीत, हेही नेहमीचं.

त्या हिवाळी संचाचा आकार मात्र नीट बघा. आमच्या जातीच्या गाड्यांना पुढे-मागे वेगळे टायर असतात. आकड्यांत पहिला रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचे इंच. पुढे २५५/३५/१९, व्यास सुमारे ६६१ मिलिमीटर. मागे २७५/३५/१९, सुमारे ६७५. हिवाळ्यात चारही २५५/४०/१८ लावले तर सगळे ६६१ होतात, म्हणजे मागची चाकं पूर्वीपेक्षा दोन टक्के जास्त फिरतात. काही गाड्या हे चालवून घेतात, चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्या याबाबत फार हट्टी असतात. कोरड्या हायवेवर, सरळ रस्त्यात दिवा लागत असेल तर टायरवरचे आकडे मॅन्युअलशी ताडून बघा. आणि उन्हाळी टायरवर बर्फात जाऊच नका. सात अंशांखाली त्यांचं रबर कडक होतं, कडाक्यात तर त्याला चिरा जाऊ शकतात.

पुढच्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा दिवा असेल तर बंपरवरचा रडार आणि काचेवरचा कॅमेरा झाकला गेला आहे, हाताने पुसा. बर्फानंतर इंजिनचा दिवा लागला आणि बंपरमधून थेट हवा खेचणारं, कंपनीचं नसलेलं फिल्टर बाहेरून घेऊन लावलेलं असेल, तर फिल्टर ओलं झालंय का ते बघा. ‘पी०१०१’ आला तर हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट आहे.

आता मी काय करतो

नोव्हेंबरमध्ये पहिल्या बर्फाआधी चारही खोबण्यांच्या क्लिपा मोजतो, हललेली दिसली की बदलतो. डझनभर क्लिपा दहा डॉलरला येतात. बर्फातून आल्यावर गाडी गरम जागी नेण्याआधी चाकांच्या आतला गोळा लाकडी पट्टीने काढतो. तसा काढला नाही तर तो रात्री एका बाजूला गोठून बसतो आणि सकाळी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला बॅलन्सिंग समजून पैसे घालवतात. तापमान शून्याच्या वर गेलं की खालून धुऊन घेतो, पण पाण्याचा जोरदार फवारा कनेक्टरवर जवळून मारू देत नाही.

भारतात बर्फ नसला तरी हाच दोष पावसाळ्यात दिसतो. रत्नागिरीकडच्या तांबड्या चिखलातून गाडी काढल्यावर एबीएसचा दिवा लागत असेल आणि दोन दिवस ऊन पडल्यावर जात असेल, तर सेन्सर विकत घेण्याआधी कनेक्टर उघडून बघा. हिरवं दिसलं तर काय करायचं ते वर लिहिलंच आहे.

दुरुस्तीनंतरचा हा दुसरा हिवाळा. मागच्या आठवड्यात उणे चारला, मिठाच्या राड्यात लान्सिंगपर्यंत जाऊन आलो. चारही रेघा एकमेकींवर. फक्त पुढच्या उजव्या चाकाच्या कनेक्टरवर मिठाचा पांढरा थर धरायला लागला आहे. सील अजून घट्ट आहे, पिना स्वच्छ आहेत. ग्रीस लावून ठेवलं, तारीख वहीत लिहिली. फेब्रुवारीत पुन्हा उघडून बघणार आहे.